स्नायूंच्या आजारात हृदय कधी आणि कसं तपासायचं

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा. सहाव्या वर्षी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या, स्नायू हळूहळू झिजत जाणाऱ्या आजाराचं निदान झालं, स्टेरॉइड चालू आहे. अजून चालतो, पण जिना कठड्याला धरून चढतो. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मागच्या वर्षीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल होता. तरी न्यूरॉलॉजिस्टनी पुन्हा हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय आणि आता हृदयाची गोळी सुरू करायची म्हणतात. आईनेही इको करून घ्यावा असं सांगितलंय. त्यातच मोठ्या दिरांच्या मांड्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने दुखायला लागल्या, त्यांचं सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, म्हणून घरात सगळे घाबरलेत. आणि आईच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, तिचीही तपासणी करायची का हा प्रश्न आहे.

ताई, एकेक करून सगळ्याचं उत्तर देते. ठाण्यात हृदयरोगाची प्रॅक्टिस करताना स्नायूंच्या आजाराचे बरेच रुग्ण मी न्यूरॉलॉजिस्टांसोबत मिळून बघते. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. तुमच्या मुलाचं हृदय तक्रार करेपर्यंत थांबायचं नाही. त्याच्या आजारात हृदय तक्रार करतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो, आणि ती तक्रार छातीतून येईलच असंही नाही.

हातापायांचे स्नायू आणि हृदयाचा स्नायू वेगवेगळी कामं करत असले तरी त्यांची बांधणी बरीचशी एकाच मालाची आहे. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन दोन्हीकडे असतं. ते पेशीच्या आतला सांगाडा पेशीच्या आवरणाशी आणि बाहेरच्या जाळीशी बांधून ठेवतं. गादीला जसे ठिकठिकाणी टाके मारलेले असतात तसं. टाके नसले तर कापूस आत सरकतो, गोळे होतात आणि खोळ ताणून फाटते. डिस्ट्रॉफिन नसलेल्या पेशीचं आवरण प्रत्येक आकुंचनाला थोडं थोडं फाटतं, आत कॅल्शियम शिरतं, पेशी मरते आणि तिच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात त्या ताकदीने नव्हे, याच भरण्याने. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, माणसाच्या सगळ्या जनुकांत आकाराने सर्वांत मोठं, ७९ तुकड्यांचं. १९८६-८७ मध्ये अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या गटाने आधी ते जनुक आणि मग प्रथिन शोधलं. त्याआधी शंभरहून अधिक वर्षं आजाराला नाव होतं, कारण माहीत नव्हतं.

हृदयात ही झीज एका ठराविक जागेपासून सुरू होते. डाव्या कप्प्याची मागची-खालची भिंत, तिचाही बाहेरचा थर. आतला थर बराच काळ चांगला राहतो, त्यामुळे एकंदर पंपिंग नॉर्मल दिसत राहतं. इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ ६० टक्के' (ईएफ म्हणजे पंपिंगचं माप) लिहून येतं, घरी सगळ्यांना हायसं वाटतं, आणि त्याच वेळी मागच्या भिंतीत तंतूंचे पट्टे पडायला लागलेले असू शकतात. ते दिसतात कार्डियाक एमआरआयमध्ये, गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देऊन. म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय उपचार-सूचनांमध्ये म्हटलं आहे की निदान झाल्याबरोबर हृदयाची पहिली तपासणी करावी, नंतर दरवर्षी करावी, आणि मूल भूल न देता मशीनमध्ये शांत पडून राहू शकेल तेव्हापासून, साधारण सहा-सात वर्षांनंतर, शक्य तिथे इकोऐवजी एमआरआय करावा. दहाव्या वर्षानंतर ही तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच, काही बिघाड दिसला तर आणखी लवकर.

एमआरआयचा खर्च मला माहीत आहे आणि प्रत्येक घराला तो दरवर्षी झेपत नाही हेही माहीत आहे. अशा वेळी मी दरवर्षी ईसीजी आणि नीट, वेळ देऊन केलेला इको घेते, त्यात 'स्ट्रेन' नावाचं मोजमाप मागते आणि एमआरआय मोजक्या वेळी करते. स्ट्रेन म्हणजे भिंतीचा एकेक भाग किती आखडतो त्याचं माप. ईएफ घसरण्याच्या आधी ते घसरायला लागतं. इको करायला जाल तेव्हा फॉर्मवर 'डुशेन' हा शब्द ठळक लिहून घ्या. नाहीतर इको करणारे डॉक्टर जन्मजात छिद्र आहे का एवढंच बघून पाच मिनिटांत मोकळे होतात, त्यांचा तरी काय दोष, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मुलाचा कणा वाकडा व्हायला लागला की छातीवरून चित्र नीट मिळत नाही, तेव्हा एमआरआयला पर्याय राहत नाही.

आणि ईसीजी स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. या मुलांच्या ईसीजीत उजव्या बाजूच्या लीडमध्ये उंच आर लाट आणि डाव्या बाजूला खोल क्यू लाट दिसते. ज्याला मुलाच्या आजाराची कल्पना नाही तो एखादा डॉक्टर ते बघून 'जुना हार्ट अटॅक' म्हणायचाही. नाडी सतत जलद चालते, झोपेतही. मूल घाबरलंय म्हणून जलद आहे असं समजून सोडून देऊ नये.

आता गोळीबद्दल. हृदय नॉर्मल असताना हृदयाची गोळी कशाला, हा तुमचा प्रश्न मला रोज ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. फ्रान्समध्ये पंपिंग चांगलं असलेल्या ५७ डुशेनच्या मुलांवर एक अभ्यास झाला. वय साधारण साडेनऊ ते तेरा. २८ मुलांना पेरिंडोप्रिल ही गोळी, २९ जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. तीन वर्षांनी सगळ्यांनाच खरी गोळी सुरू केली. तीन वर्षांच्या शेवटी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पण पाच वर्षांनी पंपिंग ४५ टक्क्यांच्या खाली गेलेलं मूल पहिल्या गटात एक होतं, दुसऱ्या गटात आठ. दहा वर्षांनी पहिल्या गटातली २८ पैकी २६ मुलं हयात होती, दुसऱ्यातली २९ पैकी १९. अभ्यास लहान आहे, पण याच्यापुढे कुठल्या आईला मी 'थांबून बघू' म्हणावं? म्हणून दहाव्या वर्षापर्यंत, हृदय नॉर्मल असलं तरी, या वर्गातली गोळी सुरू करावी असं आज मानलं जातं. तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी विषय काढला आहे.

ही गोळी रक्तदाबाची आहे, म्हणून औषधवाला 'एवढ्याशा पोराला बीपी?' असं विचारेल. बीपी नाही, हृदयावरचा भार हलका ठेवण्यासाठी आहे एवढं सांगा. सुरुवातीला डोस लहान असतो, हळूहळू वाढवतात, मध्ये पोटॅशियम तपासतात. कोरडा खोकला लागला तर कळवा, दुसऱ्या वर्गातली गोळी देता येते. जुलाब-उलट्यांनी मूल कोरडं पडलं असेल तर त्या दिवशी गोळी द्यायची का हे आधी फोन करून विचारा. पण स्टेरॉइडचं उलटं आहे, ते एकही दिवस अचानक बंद करायचं नाही. उलटीने पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनने द्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब धोकादायकरीत्या पडू शकतो. पुढे कधी हृदयासाठी एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर घरात 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि ही औषधंही पोटॅशियम वाढवतात. साधंच मीठ, पण कमी. पापड, लोणचं, फरसाण रोज ताटात नको, स्टेरॉइडमुळे वजन आणि सूज आधीच वाढत असते.

किडनीची तपासणी करताना आणखी एक गफलत होते. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच कमी असलेल्या मुलाचं क्रिएटिनीन ०.२ किंवा ०.३ येतं आणि किडनी उत्तम आहे असा समज होतो. किडनी बिघडायला लागली तरी आकडा नॉर्मलच्या मर्यादेत राहू शकतो. म्हणून या मुलांत सिस्टॅटिन सी नावाची तपासणी मागावी.

आता तक्रारी. हा भाग नीट वाचा आणि घरात आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. मोठ्या माणसाचं हृदय कमजोर झालं की चालताना दम लागतो, जिना चढवत नाही, त्यावरून आपण ओळखतो. व्हीलचेअरवर बसलेलं मूल जिना चढतच नाही. हृदयावर ताण येईल असं काही ते करतच नाही, मग दम कुठून लागणार? अशा मुलात हृदय थकल्याचं कळतं ते पोटातून. जेवण अर्ध्यावर टाकणं. वरण-भात आवडीने खाणारा मुलगा चार घासांनंतर पोट भरलं म्हणतो. जेवल्यावर पोटात दुखतं, उलटी होते. यकृतात रक्त साचून ते फुगतं, आतड्याला रक्त कमी पडतं, म्हणून हे होतं. मग पित्ताची गोळी, जंताचं औषध, 'बाहेरचं खाल्लं असेल' यात आठवडे जातात. रात्री उशा वाढवून मागणं, झोपेत सारखं कूस बदलायला सांगणं, सकाळी ताजंतवानं न वाटणं, वजन उतरणं किंवा पावलांवर सूज, बसल्या बसल्या नाडी १२० च्या वर, हातपाय गार. कळव्याच्या एका चौदा वर्षांच्या मुलाला पोटदुखीसाठी दोनदा सोनोग्राफी होऊन गेल्यानंतर माझ्याकडे आणलं होतं. दोन्ही रिपोर्टांत 'यकृत किंचित मोठं' एवढंच लिहिलेलं. पोटावर हात ठेवायच्या आधी मी त्याच्या मानेकडे बघितलं. शीर जबड्यापर्यंत फुगलेली होती. उपचारांनी तो सावरला, पण हे आधी ओळखता आलं असतं, आणि तुमच्या घरी ते ओळखलं जावं एवढ्यासाठी इतकं सविस्तर लिहिते आहे.

श्वासाचं आणि हृदयाचं इथे वेगळं काढता येत नाही. श्वासाचे स्नायू रात्री आधी कमी पडतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, शाळेत पेंग येते, आणि रात्रभर प्राणवायू कमी मिळालेलं हृदय लवकर थकतं. त्यावर उपाय बायपॅप मशीन, ते रात्री श्वास आत ढकलायला मदत करतं. तातडीच्या वेळी ऑक्सिजन कमी दिसला की नुसता ऑक्सिजन लावून टाकण्याची सवय सगळीकडे आहे. या आजारात ते घातक ठरू शकतं, बोटावरचा आकडा सुधारतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. अॅम्ब्युलन्समध्ये बसतानाच सांगा की याला श्वासाच्या स्नायूंचा आजार आहे, बायपॅप लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातच, फ्लूची लस घ्या. आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो. न्यूमोनियाची लसही घ्या. स्टेरॉइड चालू असताना जिवंत जंतूंची कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

भुलेबद्दलही आत्ताच सांगून ठेवते, कारण ती वेळ अचानक येते. दात काढणं असो की हर्नियाचं ऑपरेशन, भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी कळलं पाहिजे. सक्सिनिलकोलिन हे इंजेक्शन डुशेनच्या मुलाला दिलं तर स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं. वासाने द्यायच्या भुलेतही तसा धोका आहे. शिरेतून द्यायच्या औषधांनी सुरक्षित भूल देता येते. हे एका कागदावर ठसठशीत लिहून, लॅमिनेट करून, शाळेच्या दप्तरात आणि तुमच्या पर्समध्ये ठेवा. त्याच कागदावर स्टेरॉइडचं नाव आणि डोस. आणि एक ओळ आणखी: पडल्यानंतर किंवा हाड मोडल्यानंतर काही तासांत दम लागला किंवा मूल असंबद्ध बडबडायला लागलं तर ताबडतोब रुग्णालयात. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकते, या मुलांत ते जास्त होतं. व्हीलचेअर आली की तिचा पट्टा न बांधता सोसायटीच्या उतारावरूनसुद्धा नेऊ नका.

आता तुमच्याबद्दल. हा आजार आईकडून येतो, असं सासरी कुणी बोललं असेल तर त्यांना हा परिच्छेद दाखवा. साधारण तीनातल्या एका मुलात बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. आणि आईकडून आला असला तरी तो कुणाच्या करण्याने येत नाही. गरोदरपणात काय खाल्लं, कुठे गेलात, ग्रहण पाळलं की नाही, याचा काडीचा संबंध नाही. तुमच्यात तो बिघाड असेल तर तुम्ही वाहक आहात. वाहक स्त्रीचे स्नायू सहसा ठणठणीत असतात, पण काही जणींचं हृदय वयानुसार ढिलं आणि मोठं होतं, पायांत काहीही कमजोरी नसताना. म्हणून तुम्हाला इको आणि ईसीजी सांगितलंय. नॉर्मल आला तर पुढे तीन ते पाच वर्षांनी पुन्हा. मुलाला उचलून उचलून पाठ दुखते, थकवा येतो, तो त्यामुळेच असणार असं धरून बायका स्वतःची तपासणी पुढे ढकलत राहतात. तुम्ही ढकलू नका. मुलाच्या पुढच्या अपॉइंटमेंटला त्याच टेबलवर तुमचाही इको करून घ्या.

बहिणीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, पण तो शेवटी घेते. आधी दुसरे आजार, कारण ठाण्यात-कल्याणात याच नावाखाली वेगवेगळे रुग्ण 'मसल डिस्ट्रॉफी' एवढंच लिहिलेली फाईल घेऊन येतात, आणि तेवढं पुरत नाही. आजाराचं नेमकं नाव कळलं तरच हृदयात काय शोधायचं ते कळतं.

बेकर हा डुशेनचाच सौम्य भाऊ, डिस्ट्रॉफिन असतं पण अपुरं किंवा आखूड. माणूस चाळिशीतही चालतो, नोकरी करतो, लोकलने जातो. इथे हृदय पायांच्या पुढे बिघडू शकतं. पाय चालतायत म्हणजे हृदय ठीक, हा हिशोब बेकरमध्ये साफ चुकतो. चालतं पाऊल उलट हृदयाला जास्त राबवतं. काही जणांना पायांच्या तक्रारी सुरू व्हायच्या आधीच हृदय निकामी होण्याची लक्षणं दिसतात. अशांना हृदय प्रत्यारोपणही करता येतं आणि ते चांगलं यशस्वी होतं.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीची गोष्ट पूर्ण वेगळी. मोठ्या वयात दिसणाऱ्या डिस्ट्रॉफींत हीच जास्त सापडते. इथे पंप सहसा चांगला असतो, वायरिंग बिघडतं. रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच कळतं. पापण्या किंचित उतरलेल्या, कानशिलं बसलेली, पुढचे केस गेलेले. नमस्काराऐवजी मी मुद्दाम हात मिळवते, कारण त्यांची मूठ सुटत नाही. हात सोडायला दोन-चार सेकंद लागतात, आणि ते कसनुसं हसतात. वर्षानुवर्षं दाराची कडी, स्कूटरचा ब्रेक, लोकलचा दांडा असाच सोडवत आलेले असतात आणि ते आजाराचं लक्षण आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. लवकर मोतीबिंदू, दिवसा झोप येणं, साखर वाढणं हेही सोबत. १९ व्या गुणसूत्रावर सीटीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा जास्त वेळा छापली जातात, हे १९९२ मध्ये कळलं. पिढीगणिक ती संख्या वाढू शकते, म्हणून आजोबांना फक्त मोतीबिंदू, वडिलांना मूठ न सुटणं आणि नातवाला जन्मतःच ढिलेपणा, असं एकाच घरात दिसतं.

या रुग्णांना दरवर्षी ईसीजी हवा, तक्रार असो नसो. ईसीजीत पीआर हे अंतर (विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचायचा वेळ) २४० मिलिसेकंद किंवा जास्त, क्यूआरएस (तो खालच्या कप्प्यांत पसरायचा वेळ) १२० किंवा जास्त, किंवा ठोके नेहमीच्या लयीत नसणं, यांपैकी काहीही असेल तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे ४०६ रुग्णांच्या २००८ सालच्या अभ्यासातून समोर आलं. चक्कर, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी, धडधड, अशी एकही तक्रार असेल तर होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं, गरज पडली तर तार आत घालून विद्युत तपासणी करायची. पेसमेकर वेळेवर बसवला तर माणूस वाचतो. 'अशक्तपणामुळे चक्कर आली' हे वाक्य मायोटॉनिकच्या रुग्णाबाबत कुणी उच्चारू नये असं मला मनापासून वाटतं.

एमरी-ड्रायफस नावाची डिस्ट्रॉफी विरळा आहे, पण ती चुकली तर फार महागात पडते. लहानपणीच कोपर सरळ होत नाहीत, टाचा टेकत नाहीत, मान पुढे वाकत नाही, आणि ताकद मात्र बऱ्यापैकी असते. हाडांच्या डॉक्टरांकडे टाचेच्या शिरेचं ऑपरेशन होऊन जातं. विशीत नाडी मंदावते, वरचे कप्पे गप्प होतात, त्यात गुठळी होऊन लकवा येऊ शकतो. यामागचं एमरिन जनुक १९९४ मध्ये सापडलं, लॅमिनचं १९९९ मध्ये. लॅमिनचा प्रकार असेल तर नुसत्या पेसमेकरवर विसंबता येत नाही, झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करणारं आयसीडी लागतं. म्हणून यात जनुकाचा रिपोर्ट उपचार ठरवतो.

लिंब गर्डल, म्हणजे खांद्यांचे आणि कमरेचे स्नायू आधी कमजोर होणारी डिस्ट्रॉफी, हे एका आजाराचं नाव नाही, ती मोठी जमात आहे. कॅल्पेन आणि डिस्फर्लिन या प्रथिनांच्या प्रकारांत हृदय बहुधा वाचतं, सार्कोग्लायकन आणि एफकेआरपीच्या प्रकारांत बिघडतं. पहिल्या गटातल्या मुलीला दरवर्षी इकोसाठी दमवायची गरज नसते, दुसऱ्या गटातल्या मुलाला तो टाळता येत नाही. आणि तान्हं बाळ, अंग कापसासारखं सैल, दूध ओढताना थकणारं, एक्सरेत हृदय भलं मोठं, असं दिसलं तर पॉम्पे हा आजार त्याच आठवड्यात तपासा. साखरेचा साठा मोडणारं एन्झाइम नसल्याने हृदयाच्या भिंती जाड होतात. २००६ पासून ते एन्झाइम औषध म्हणून मिळतं, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं आहे, त्याखाली नेमलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईत परळचं केईएम रुग्णालय त्यांतलं एक केंद्र आहे.

तुमच्या मोठ्या दिरांचं. त्यांचा आणि तुमच्या मुलाच्या आजाराचा रक्ताने संबंध लागत नाही. मुलाला एक्स गुणसूत्र तुमच्याकडून मिळालंय, वडिलांच्या घरातून नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेताना मांड्या दुखणं खूप जण सांगतात. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन नावाच्या अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून स्टॅटिन, नकली गोळी आणि काहीच नाही असे महिने दिले, तेव्हा स्टॅटिनच्या महिन्यांतला सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, फक्त कारण गोळी नव्हतं. त्यामुळे हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने ही गोळी बंद करणं फार धोक्याचं. त्यांनी आधी थायरॉइड तपासावं. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं, सीपीकेही वाढतं आणि स्नायूही दुखतात, तिन्हींचं उत्तर एकाच गोळीत मिळतं. तपासणीच्या आदल्या दिवशी उपवन तलावाला जोरात पळाले असतील किंवा जिम केली असेल तरी सीपीके चढतं. पण खुर्चीतून उठायला हात टेकावा लागत असेल, हात वर करून केस विंचरता येत नसतील, सीपीके हजारांत असेल आणि गोळी थांबवूनही कमजोरी वाढत असेल, तर तो वेगळा, प्रतिकारशक्तीने स्नायूंवर हल्ला करण्याचा प्रकार असू शकतो. तो विरळा आहे, पण उपचार लवकर लागतात.

अशा सुजेच्या स्नायूविकारांत हृदयालाही सूज येते, आणि तिथे रिपोर्टांची मोठी फसगत होते. सीपीके-एमबी आणि ट्रोपोनिन टी या हृदयाच्या समजल्या जाणाऱ्या तपासण्या आजारी हातापायांच्या स्नायूंतूनही वाढतात. रुग्ण 'हार्ट अटॅक' म्हणून दाखल होतो, अँजिओग्राफी होते, नळ्या स्वच्छ निघतात. अशा वेळी ट्रोपोनिन आय तपासावं, ते हृदयाचंच असतं. तेही वाढलेलं असेल तर हृदयाची सूज खरी, मग एमआरआय. एसजीपीटी-एसजीओटी या लिव्हरच्या समजल्या जाणाऱ्या एन्झाइमांचंही असंच. डुशेनच्या कितीतरी मुलांची सुरुवात 'लिव्हर वाढलंय' या निदानाने होते, कारण हे दोन्ही स्नायूंतही असतात. मूल उशिरा चालतंय, उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उभं राहतंय आणि एसजीपीटी तीनशे आहे, तर लिव्हरच्या मागे लागायच्या आधी सीपीके करावं.

खेळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. पोहू द्या, सायकल सपाट रस्त्यावर चालवू द्या. वजनं उचलणं, डोंगर उतरणं, ट्रॅम्पोलिन नको, उतरताना आणि आदळताना स्नायू ताणून फाटतात. खेळल्यानंतर लघवी कोकमासारखी लाल झाली तर तपासणी त्याच दिवशी. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर काढा, २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. केईएमला किंवा कुठेही जायचं झालं तर न्यूरॉलॉजी, हृदय आणि श्वासाची तपासणी एकाच दिवशी लागेल अशी वेळ मागा. ठाण्याहून परळला मुलाला कडेवर घेऊन तीनदा चढण्या-उतरण्यात तुमची पाठ जाते.

आता बहीण. आधी मुलाच्या जनुकाचा रिपोर्ट हातात हवा. एमएलपीए या तपासणीत बहुतेकांचा गाळलेला किंवा दुप्पट झालेला तुकडा सापडतो, उरलेल्यांना पूर्ण जनुक वाचावं लागतं. मग तोच बिघाड तुमच्या रक्तात शोधायचा. तुमच्यात सापडला तर बहिणीची तपासणी करायची, नाही सापडला तर तिला करायची गरज राहत नाही. तुम्हाला मात्र पुढच्या गरोदरपणात तपासणी हवीच, कारण रक्तात नसूनही काही स्त्रीबीजांत तो असू शकतो. बहीण वाहक निघाली तर लग्न मोडायचं कारण नाही. तिला स्वतःच्या हृदयाची तपासणी करून ठेवायची आहे आणि गरोदर राहिल्यावर, किंवा त्याआधीच, जेनेटिक सल्लागाराला भेटायचं आहे. सांगायचं कुणाला, कधी, हे तिने ठरवायचं. रिपोर्ट तिचा आहे, वरपक्षाला तो तुम्ही परस्पर सांगू नका. मुलाचा रिपोर्ट आला नसेल तर सोमवारी लॅबला फोन करा, साखरपुड्याची तारीख ठरण्याच्या आधी तुमचं रक्त देऊन होईल.